स्योस्तली

"बरणी उघडा," पलीकडच्या काठावरचा जकातीचा शिपाई म्हणाला.

लीदानं बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं सोडलं. वास सुटला तसा तो पोरगेला शिपाई दोन पावलं मागे सरकला.

"अरे देवा! हे काय, रणगाड्याचं वंगण?"

"आंबवलेलं सोयाबीन आहे, बाळा. कांद्याच्या पातीला लावून खायचं. आधी नाक धरायचं, मग बोटं चाटायची."

शिपाई थबकला. सकाळपासून त्याच्यासमोरून बोचकी घेतलेले चिनी व्यापारी हातवारे करत पुढे सरकत होते. त्यांच्यातून एकदम असली घरगुती रशियन ऐकू येईल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं तिच्या कागदावरचं चिनी नाव वाचलं, लुआन यूछिन. मग तिच्या सरळ नाकाकडे आणि करड्या डोळ्यांकडे पाहिलं.

"मावशी, तुम्ही त्यांच्या की आमच्या?"

"नाक तुमच्याकडचं, पोट त्यांच्याकडचं."

तो हसला. "जा, जा. पण झाकण घट्ट लावा, नाहीतर आमचं कुत्रं पळून जाईल."

मागून मा शूलाननं तिला कोपरानं ढोसलं. शूलान तिची शेजारीण. खेळाच्या बुटांचं एवढं मोठं गाठोडं पाठीवर घेऊन ती या वर्षात कितव्यांदा तरी नदी ओलांडत होती. "काय म्हणत होता गं तो?"

"वास येतो म्हणाला."

"आणि यांच्या बुटांना काय अत्तर लावलेलं असतं?" शूलान पुटपुटली आणि तोंडभर हसून तिनं शिपायापुढे गाठोडं आपटलं.

जकातीच्या फाटकाबाहेर रस्ता फुटत होता. डावीकडे बाजार, उजवीकडे बोटींच्या कारखान्याची गल्ली. संध्याकाळच्या बोटीनं सगळ्यांनी परत फिरायचं होतं. ज्याची बोट चुकेल त्यानं पोहत यावं, असं बोटीवरच्या माणसानं येतानाच बजावलं होतं. शूलान बाजाराकडे वळता वळता थांबली.

"खरंच जाणार आहेस तू बहिणीकडे?"

"आले कशाला मग?"

"राग मानू नकोस, पण इतकी वर्षं कर्ण्यावरून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केलास. आता बशीत केक घालून देतील का तुला? त्यापेक्षा माझ्याबरोबर चल, दोन जोड तरी विकशील."

शूलान फटकळ होती, पण तिनं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं. पोस्ट सुरू होऊनही लीदानं बहिणीला, क्लावाला, पत्र टाकलं नव्हतं, ते याच भीतीनं. पत्राला उत्तर न देणं सोपं असतं. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला काहीतरी बोलावंच लागतं, निदान 'चालती हो' म्हणावं लागतं. क्लावानं त्या कर्ण्यांतून काय ऐकलं होतं, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. शिव्या ऐकल्या होत्या, की तो एक शब्द?

बरणी छातीशी धरून ती उजवीकडे वळली.

*

नदी एकच, नावं दोन. अलीकडचे चिनी तिला काळ्या नागाची नदी म्हणत, पलीकडचे रशियन आमूर. लीदाच्या लहानपणी घरात दोन्ही नावं चालत. आई पलीकडून आलेली, बाबा दूर दक्षिणेकडच्या शानतुंग प्रांतातून पोटासाठी वर आलेले. आईला चिनी धड आलं नाही आणि बाबांना रशियन. बाबा जे बोलत ते नदीकाठच्या बाजारातलं, मोडकंतोडकं, हमालांचं आणि मासेवाल्यांचं रशियन. त्यात 'मी' नव्हतं, 'माझा' होतं. "माझा भूक आहे. तुझा भाकरी दे." आई पदराआड, म्हणजे खरं तर डोक्याच्या रुमालाआड, हसायची आणि भाकरी द्यायची.

आणि बाबांच्या जिभेला 'र' वळत नसे. जिथं 'र' असेल तिथं ते निवांत 'ल' घालत. रशियनमध्ये 'बहिणी' म्हणजे स्योस्त्री. संध्याकाळी दोघी मुली नदीवर हुंदडत असल्या की बाबा दारात उभे राहून हाक मारत, "स्योस्तली! जेवायला!" दोघींना मिळून ती एकच हाक. एकटी लीदा असली तरी स्योस्तली, एकटी क्लावा असली तरी स्योस्तली. गल्लीतली पोरं त्यांना त्यावरून चिडवत. क्लावा थोरली, तिला राग यायचा. ती बाबांना समोर बसवून शिकवायची, "बाबा, म्हणा, त्री. त्री." बाबा मन लावून ऐकायचे, जीभ टाळूला लावायचे आणि म्हणायचे, "तली."

दोन देशांची गळ्यात गळे घालण्याची ती वर्षं होती. नदी गोठली की बर्फावरून रस्ता पडे. क्लावाचं लग्न त्याच बर्फावरून झालं. पलीकडच्या बोटींच्या कारखान्यातला लोहार, लाल दाढीचा, गाणारा. घसरगाडीत बसताना क्लावानं बाबांच्या हातचं आंबवलेल्या सोयाबीनचं मडकं मांडीवर घेतलं होतं. "एवढी रडू नकोस गं," ती लीदाला म्हणाली, "धुणं वाळत घातलं तर तुला तिकडून दिसेल."

आणि खरंच दिसायचं. दोनेक वर्षं तर ती दर आठवड्याला येऊनही जायची. मग राजधान्यांमध्ये काहीतरी बिनसलं. आधी कागद लागायला लागले, मग कागद मिळेनासे झाले, मग बर्फावर पहारे बसले. नदीतल्या बेटांवरून हमरीतुमरी सुरू झाली. त्या बेटांवर कधी कोणी गवत कापण्यापलीकडे गेलं नव्हतं. पण आता कुठलं बेट कुणाचं, यावर माणसं मरायला तयार होती, आणि खाली दुसऱ्या नदीवर मेलीही.

त्या दिवसांत लीदाच्या नाकानं तिला खूप छळलं. 'परक्यांची हेर' म्हणून दारावर कागद चिकटवले गेले. आईनं शेवटची काही वर्षं घराबाहेर पाऊलच टाकलं नाही. ती घरातच वारली. मग एक दिवस लष्कराची गाडी दाराशी थांबली. लीदाला वाटलं, संपलं. पण त्यांना तिची जीभ हवी होती. काठावर उंच खांबांवर कर्णे लावले होते. त्यांची तोंडं पलीकडे होती. संध्याकाळी तिथून रशियनमधून वाचायचं होतं, आणि वाचणारी शुद्ध बोलणारी हवी होती.

मजकूर वरून यायचा. सुरुवात गोड, "प्रिय बंधूंनो आणि भगिनींनो." आणि पुढे सगळं कडू. तुमचे पुढारी गद्दार, नवे जमीनदार, नवे झार. तुमच्या मुलांच्या तोंडचं दूध तोफांनी प्यालं. लीदा वाचायची. ज्या भाषेत आईनं तिला अंगाई म्हटली होती, त्या भाषेत ती रोज संध्याकाळी शिव्या द्यायची. नदीच्या त्या काठावर, धुणं दिसेल एवढ्या अंतरावर, तिची बहीण राहत होती.

शेजारी कॉम्रेड शङ नावाचे तपासनीस बसत. दक्षिणेकडचे, पुस्तकातून रशियन शिकलेले, स्वभावानं वाईट नव्हते. मजकुरावर बोट ठेवून ते शब्द न् शब्द ऐकत. एकही शब्द इकडचा तिकडे चालायचा नाही.

ज्या वर्षी नदी गोठायच्या आधी बाबा गेले, त्या वर्षी दहनाच्या दुसऱ्याच दिवशी तिला कामावर बोलावलं. ती बसली. "बंधूंनो आणि," असं म्हणून तिनं पुढच्या शब्दाला तोंड उघडलं, आणि आलं काय तर, "स्योस्तली."

आता शङ उठतील, पहारेकऱ्याला हाक मारतील. पण शङांचं बोट मजकुरावरून सावकाश पुढे सरकत राहिलं. त्यांनाही 'र' वळत नव्हता, त्यामुळे कानालाही तो फरक कळला नव्हता. लीदा पुढचं सगळं वाचून गेली, झार, गद्दार, तोफा.

ती चूक होती. दुसऱ्या दिवसापासून ती चूक राहिली नाही. रोज संध्याकाळी, सगळ्या शिव्यांच्या आधी, ती बाबांच्या तोंडून बहिणीला हाक मारायची. ती हाक शङांना कळणार नव्हती आणि पलीकडच्या सैनिकांना बोबडी वाटणार होती. जगात एकच माणूस ती ओळखणार होतं.

एकदा शङ म्हणाले होते, "कॉम्रेड लुआन, 'भगिनींनो' म्हणताना तुमचा आवाज जरा ओला होतो. कोरडा ठेवा."

"हो," लीदा म्हणाली होती. "सर्दी आहे."

मग पुष्कळ वर्षांनी कर्णे उतरवले. लीदा सरकारी बेकरीत पाव भाजू लागली, आईच्या पद्धतीचे मोठे गोल पाव. त्या सगळ्या वर्षांत पलीकडून कुठलीही खूण आली नाही. पण खूण करणार तरी कशी, असं ती स्वतःला समजावत राहिली.

*

गल्ली तिच्या कल्पनेपेक्षा लहान होती. लाकडी घरं, कोरीव चौकटी, निळ्या झडपा, कुंपणाआड सूर्यफुलं. क्लावानं सांगितलेल्या खुणेचा हातपंप अजून होता, पण गंजून मोडला होता. लीदा दर घराशी थांबत होती. कोणतं असेल? कुणाला विचारावं? विचारताना काय सांगावं आपण कोण म्हणून?

तेवढ्यात एका दारातून एक तरुण बाई बाहेर आली, पिठाचे हात पुसत. ती नदीच्या दिशेनं तोंड करून ओरडली,

"स्योस्तली! या आता! सूप गार होतंय!"

लीदानं कुंपणाची फळी धरली.

नदीच्या उतारावरून दोन मुली धावत वर आल्या, गुडघे चिखलानं माखलेले. एकीच्या हातात मेलेला मासा होता. "तो बाहेर टाक आधी," बाई म्हणाली, आणि मग तिचं लक्ष कुंपणाकडे गेलं. "मावशी, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

"तू," लीदा म्हणाली, "तू मुलींना आत्ता काय हाक मारलीस?"

"स्योस्तली?" बाई हसली. "आमच्या गल्लीत सगळेच म्हणतात. गंमत आहे ती जुनी. पूर्वी पलीकडे चिन्यांचे कर्णे होते ना, त्यावर एक बाई बोलायची. काय रशियन होतं म्हणून सांगू! माझ्या शाळेतल्या बाईंपेक्षा चांगलं. पण तेवढा एक शब्द मात्र बोबडा. आम्ही पोरं वाट बघत बसायचो. ती 'स्योस्तली' म्हणाली की आम्ही खिदळायचो आणि पळायचो. पुढचं कोण ऐकतंय."

"पुढचं ऐकलं नाहीत?"

"ऐकलं की. ऐकायला येतच होतं. बाबा खिडकीशी उभे राहून तिला उलट शिव्या द्यायचे." तिनं खांदे उडवले. "तुम्ही कोणाकडे आलात?"

"इथं क्लावा म्हणून," लीदा म्हणाली. "लोहाराची बायको."

"ती माझी आई. मी रिम्मा. बाबा गेले गेल्या वर्षी. आई मागे बटाटे काढतेय. थांबा, हाक मारून उपयोग नाही, जाऊनच आणायला पाहिजे तिला."

"का?"

"ऐकू येत नाही तिला. मी पाळण्यात होते तेव्हापासून. कारखान्यात पत्र्यावर ठोके मारायचं काम होतं, दिवसभर. कान गेले बिचारीचे." रिम्मा वळली. "बसा ना ओट्यावर. कोण आलंय म्हणून सांगू?"

लीदा ओट्यावर बसली. दोन्ही मुली तिच्या तोंडाकडे बघत होत्या. एवढी वर्षं, आणि पलीकडे कुणी ऐकणारं नव्हतंच. शिव्याही नाहीत आणि हाकही नाही. शिव्या पोचल्या नाहीत म्हणून हलकं वाटायला हवं होतं. तिला मात्र वाटलं, आपण एवढी वर्षं एका रिकाम्या घराचं दार वाजवत होतो.

घरामागून एक थोराड बाई आली. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, कमरेला टोपली, हातांना माती. ती थोडी पाय ओढत चालत होती. ओट्याजवळ येऊन तिनं पाहुणीकडे पाहिलं, नुसतं पाहिलं. मग टोपली खाली ठेवली, लीदाच्या मांडीवरची बरणी उचलली, फडकं सोडलं आणि वास घेतला.

"बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा होता, सपाट, स्वतःला न ऐकणाऱ्या माणसाचा.

"मी केलंय, ताई," लीदा तिच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवत म्हणाली. "त्यांच्या पद्धतीनं. बाबा..." आणि तिनं मान हलवली.

"आई?"

लीदानं पुन्हा मान हलवली.

क्लावानं फडकं बरणीवर नीट बांधलं, गाठ मारली. मग मातीच्या हातांनी लीदाचं डोकं धरून पोटाशी घट्ट दाबलं, श्वास कोंडेल इतकं. "नाक तसंच आहे," ती वरून म्हणाली. "मला वाटलं होतं, म्हातारपणी तरी चपटं होईल."

*

आत चहाचा सामोवार उकळत होता. रिम्मानं सूप वाढलं, काकड्या कापल्या. क्लावानं बागेतली कांद्याची पात आणली आणि बरणीत बुडवून कचाकचा खाल्ली. नाती नाकं धरून पळाल्या. लीदा मोठ्या आवाजात नव्हे, हळू आणि ठळक बोलत होती, आणि क्लावा तिच्या ओठांवरून नजर हलवत नव्हती. आईचं सांगून झालं, बाबांचं सांगून झालं. लोहाराचं गाणं शेवटच्या वर्षी कसं थांबलं ते क्लावानं सांगितलं.

मग ती उठली आणि नदीकडच्या खिडकीशी गेली. काचेवर पंजा टेकवला.

"इथं उभी राहायचे मी," ती म्हणाली. "संध्याकाळी. कर्णे सुरू झाले की ही काच थरथरायची. माझ्या नवऱ्यानं सांगितलं होतं, बाई बोलतेय, आणि आपल्यातलीच वाटतेय. मला ऐकू येत नव्हतं, पण मला कळलं. आपल्या गावात आई सोडून अशी रशियन बोलणारी दुसरी कोण होती? रोज हात ठेवायचे. कापली की म्हणायचे, आहे. लीदा आहे. जिवंत आहे, उभी आहे, बोलतेय. तुला सर्दी झाली की काच वेगळी कापायची, खोटं नाही सांगत. आणि शेजारच्या बायांना सांगायचे, गप्प बसा गं, माझी बहीण बोलतेय. नवरा म्हणायचा, हळू म्हण, कुणी ऐकलं तर नेतील तुला."

लीदाच्या हातातला चमचा ताटलीवर टेकला.

"एकच विचारायचं होतं," क्लावा वळून म्हणाली. "नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, काही नाही, सरकारी बडबड. पोरीला विचारलं तर ती हसायची. एवढी वर्षं रोज रोज, काय बोलायचीस गं तू?"

रिम्मा पाव कापत होती. तिची सुरी थांबली. लीदाला जाणवलं की ती आता सगळं ओळखून आपल्याकडे बघते आहे. रिम्मानं ऐकलं होतं. झार, गद्दार, मुलांच्या तोंडचं दूध. ती मुलं म्हणजे हीच.

लीदा उठली. क्लावासमोर जाऊन उभी राहिली.

"जेवायला या म्हणत होते," ती म्हणाली.

क्लावानं भुवया आकसल्या. "काय?"

"स्योस्तली, जेवायला."

क्लावा तिच्या ओठांकडे बघत राहिली. "त्री म्हणालीस, का बाबांसारखं? ओठांवरून कळत नाही मला."

लीदानं तिचा हात धरला आणि आपल्या गळ्यावर ठेवला, जिभेच्या मुळाखाली. "स्योस्त्री," ती म्हणाली, आणि 'र' लांबवला, आई लांबवायची तसा. मग थांबून, "स्योस्तली."

'र' थरथरत गेला. 'ल' नुसता हळूच टेकला.

क्लावाचा हात तिथंच राहिला. ती म्हणाली, "पुन्हा म्हण." लीदानं म्हटलं. "पुन्हा." तिनं पुन्हा म्हटलं. क्लावाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. "शिकले नाहीत शेवटपर्यंत," ती म्हणाली. "किती डोकं फोडलं मी त्यांच्यापुढे."

रिम्मानं पाव कापून पुरा केला. तिनं सगळ्यात जाड तुकडा, कडेचा खमंग, मावशीच्या ताटलीत ठेवला.

*

धक्क्यापर्यंत क्लावाला चालवत नव्हतं. दारातच ती म्हणाली, "तू जा, मी खिडकीत आहे." बरणी रिकामी करून, धुऊन तिनं त्यात शेपू घातलेल्या काकड्या भरल्या होत्या. शिपायानं या वेळी बरणी उघडायला सांगितली नाही, नुसता हात हलवला.

बोटीवर शूलान गाठोडं रिकामं करून पाय पसरून बसली होती. "काय गं, केक दिला का?"

"पाव दिला."

"आणि बोलली काय? ऐकलंय का तिनं सगळं?"

"ऐकलंय," लीदा म्हणाली.

बोट सुटली. काठावरची निळ्या झडपांची रांग मागे सरकू लागली. ऊन खिडक्यांवर आलं होतं, त्यामुळे सगळ्याच काचा चमकत होत्या. कुठल्या काचेमागे कोण उभं आहे ते दिसण्यासारखं नव्हतं. लीदा केबिनच्या खिडकीशी उभी होती.

मध्यावर येऊन बोटीनं भोंगा दिला. नेहमीचाच, लांब. शूलाननं कानांवर हात घेतले.

लीदानं बरणी काखेत धरली आणि मोकळा पंजा काचेवर टेकवला. काच थरथरत होती. भोंगा थांबला, काच निवली. तिनं हात काढला नाही.